जांभळा तुरा कुणाचा? इलिनॉयच्या प्रेअरीतल्या लिआट्रिसचं एक प्रकरण

शिकागोच्या पश्चिमेकडे, उपनगरांच्या अधेमधे, पुन्हा रुजवलेल्या प्रेअरीचे, म्हणजे उंच गवत आणि रानफुलांच्या माळांचे, तुकडे आहेत. कुठे पाच एकर, कुठे कैक शे. नेपरव्हिल-ऑरोराकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना असा एखादा तुकडा घरापासून फार लांब जावं न लागता सापडेल. हे प्रकरण अशाच एका चाळीसेक एकरांच्या तुकड्याचं. जागेचं नाव दिलेलं नाही, कारण जांभळ्या तुऱ्यांच्या ओळखीची ही गफलत या भागात दर जुलैत कुठे ना कुठे होतेच. प्रकरण नमुन्याचं म्हणून वाचावं. मापं आणि संख्याही अशा जागेवर मिळतात तशा घेतल्या आहेत.

जमिनीची ठेवण आधी लक्षात घ्या, पुढे ती लागणार आहे. उत्तरेला हिमनदीने टाकलेल्या वाळू-खडीचं बुटकं टेकाड. त्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे काळ्या मातीचा हलका उतार. उताराच्या तळाशी सखल जागा, जिथे उन्हाळा लागेपर्यंत बूट रुततो. सगळ्यात शेवटी रस्त्याकडेचा पाण्याचा चर.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उतारावर आणि सखल भागात कमरेएवढे, काही ठिकाणी छातीएवढे जांभळे तुरे उभे राहिले. तीन ठिकाणचे तीन फोटो मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपला दाखवले, तर उत्तरं तीन आली: डेन्स ब्लेझिंग स्टार, प्रेअरी ब्लेझिंग स्टार आणि पर्पल लूजस्ट्राइफ. पहिल्या दोन इथल्याच, एकाच लिआट्रिस प्रजातीतल्या सख्ख्या बहिणी. तिसरी बाहेरून आलेली घुसखोर, जिची विक्री आणि लागवड इलिनॉयमध्ये कायद्याने बंद आहे. जागेच्या जुन्या लागवडीच्या यादीत ‘लिआट्रिस स्पिकाटा’ (म्हणजे डेन्स ब्लेझिंग स्टार) हे नाव होतं, म्हणून नोंदवहीत ‘लि. स्पिकाटा, सर्वत्र, भरपूर’ अशी एक ओळ पडली आणि मंडळी पुढच्या कामाला लागली.

ही ओळ चुकीची होती. ती चुकीची आहे हे कळलं नसतं, तर शरद ऋतूत ‘स्पिकाटा’ म्हणून जमवलेलं बी दुसऱ्या, कोरड्या जागेवर पेरलं गेलं असतं. इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. एके काळी राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. जॉन डिअरने १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर घडवला आणि ती चिवट, मुळांनी विणलेली जमीन उलटायला लागली. आज मूळ, उत्तम प्रतीची प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. एवढ्या तुटपुंज्या शिल्लकीतून बी आणून तुकडे जोडायचे, तर पाकिटावरचं नाव बरोबर असायलाच हवं.

आधी हे लिआट्रिस आहे का

लूजस्ट्राइफचं उत्तर आलेला फोटो चराजवळचा होता. दहा पावलांवरून दोन्ही तुरे सारखेच दिसतात आणि फोटोत तर अगदीच. हात लावला की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

खोड दोन बोटांत धरून फिरवा. तुळशीची किंवा घाणेरीची काडी फिरवताना कडा लागतात, तशा कडा लागल्या तर ते लिआट्रिस नाही. लूजस्ट्राइफचं खोड चार ते सहा कडांचं असतं, पानं समोरासमोर किंवा तिघा-तिघांच्या फेऱ्यात. फुलाला बहुधा सहा पाकळ्या, आणि त्या चुरगळलेल्या रेशमासारख्या. ताम्हणाचं फूल जवळून पाहिलेल्या माणसाला ही चुरगळ लगेच ओळखू येईल, कारण लूजस्ट्राइफ, ताम्हण आणि मेंदी ही एकाच कुळातली. लिआट्रिसचं खोड गोलसर, उभ्या बारीक रेघांचं. पानं अरुंद, गवताच्या पातीसारखी, एकाआड एक आणि इतकी दाट की खोडाभोवती पिसारा केल्यासारखी. खालची पानं वीतभर किंवा त्याहून लांब, वर जाताना आखूड होत होत तुऱ्याशी बोटभरही राहत नाहीत.

दुसरी खूण तुरा कुठून फुलतो ही. बहुतेक तुरे खालून वर उमलतात: लूजस्ट्राइफ तसंच, निळसर ब्लू व्हर्वेन तसंच, पर्पल प्रेअरी क्लोव्हरही तसंच. लिआट्रिस उलटं, शेंड्यापासून खाली. शेंडा सुकून तपकिरी झालाय, मधे जांभळं आहे आणि बुडाशी अजून हिरव्या कळ्या आहेत, असं दिसलं की निम्मं काम झालं. अपवाद हरणांचा. शेंडा खाल्लेल्या लिआट्रिसला खालून दोन-चार आखूड तुरे फुटतात आणि झाड मेणबत्त्यांच्या झाडासारखं, म्हणजे थेट व्हर्वेनसारखं दिसायला लागतं. अशा झाडावर ओळख ठरवायला बसू नये. शेजारचं धड झाड बघावं.

प्रेअरी क्लोव्हर आणि लेडप्लँट ही दोन जांभळी नावंही कुणी ना कुणी घेतंच. दोन्ही शेंगवर्गातली, म्हणजे पान संयुक्त. क्लोव्हरला बहुधा पाच सुईसारख्या पर्णिका, लेडप्लँटला राखाडी लवेच्या पुष्कळ. लेडप्लँटच्या फुलाला तर पाकळी एकच. दोघांच्या जांभळ्यात नारिंगी ठिपके दिसतात, ते परागकोश. लिआट्रिसमध्ये नारिंगीचा मागमूस नसतो.

चराजवळची १७ झाडं या पहिल्याच चाळणीत बाहेर पडली. सगळी लूजस्ट्राइफ. म्हणजे ॲपचं सर्वांत धक्कादायक उत्तर बरोबर होतं; ज्या उत्तराची कुणाला शंका आली नाही, ते अर्धवट.

गोंड्याच्या बुडाशी

उरलेल्यांची गाठ सुटते ती गोंड्याच्या बुडाशी. त्यासाठी गोंडा म्हणजे काय हे नीट समजून घ्यावं लागतं. झेंडूचं एक ‘फूल’ म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ, वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. लिआट्रिसही याच सूर्यफूल कुळातलं, फक्त त्याला सूर्यफुलासारखी कडेची पाकळीदार फुलं नाहीत. आहेत ती सगळी नळीसारखी, पाच टोकांची. तुऱ्यावर जो जांभळा कापूस पिंजल्यासारखा दिसतो, तो पाकळ्यांचा नसून प्रत्येक फुलातून बाहेर आलेल्या किंजलाच्या, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या दांड्याच्या, दोन लांब शाखांचा. कोकणातल्या रानमोडीचे किंवा शेताच्या बांधावरच्या ओसाडीचे गोंडे असेच केसाळ दिसतात. तो योगायोग नाही. तिघीही सूर्यफूल कुळाच्या एकाच पोटशाखेतल्या.

गोंड्याला खालून वेढणारे जे हिरवट खवले असतात, ती छदं. झेंडूत ती एकमेकांना चिकटून पेला होतो. लिआट्रिसमध्ये ती सुटी, कौलांसारखी एकावर एक रचलेली. जात ओळखायची ती या खवल्यांवरून. फुलाचा रंग, तुऱ्याची लांबी, झाडाची उंची हे सगळं मागाहून.

नावांची तर मदत शून्य. स्पिकाटा म्हणजे तुरेवाली. लिनियसने १७५३ साली तिला सेराट्युला या दुसऱ्याच प्रजातीत घातलं होतं. दुसरी बहीण, प्रेअरी ब्लेझिंग स्टार, हिचं नाव पिक्नोस्टॅकिया, म्हणजे दाट तुऱ्याची. हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याच्या १८०३ सालच्या ग्रंथातलं. इंग्रजीत मात्र ‘डेन्स’ म्हणतात ती स्पिकाटा! ‘तुरेवाली’ आणि ‘दाट तुऱ्याची’ यांतून शेतात उभ्या माणसाने काय बोध घ्यायचा?

आता खवले. दहापट भिंग हवं, आणि मिलिमीटरची पट्टी. तुऱ्याच्या मधला, नुकता उमललेला गोंडा निवडायचा. शेंड्याचा नको, कारण तो आकाराने वेगळा असू शकतो आणि लवकर सुकतो, बुडाचा नको, कारण कळीत खवले पुरते वळलेले नसतात. गोंडा बाजूने, डोळ्याच्या रेषेत धरायचा.

उताराच्या वरच्या भागातल्या एका झाडाची नोंद अशी होती: उंची ११८ सेंटिमीटर, तुरा ३२ सेंटिमीटर, गोंडे देठाशिवाय थेट खोडावर, छदं धरून गोंड्याची लांबी ९ मिलिमीटर, एका गोंड्यात ६ फुलं. खवल्यांची टोकं निमुळती, टोकदार आणि बाहेर वळून खाली झुकलेली, मांजराच्या नखांसारखी. तुऱ्याच्या दांड्यावर बोट फिरवलं तर बारीक पांढरे केस. ही पिक्नोस्टॅकिया, म्हणजे प्रेअरी ब्लेझिंग स्टार.

सखल भागातलं झाड: उंची ९६ सेंटिमीटर, गोंडे तसेच बिनदेठाचे आणि तसेच दाट, लांबी ९ मिलिमीटर, फुलं ८. खवले मात्र गोंड्याला घट्ट चिकटलेले, टोकं बोथट-गोलसर, कडेला पातळ जांभळट पापुद्रा. दांडा गुळगुळीत. ही स्पिकाटा.

आता या दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. उंची, लांबी, फुलांची संख्या, देठ यांतलं काहीही निर्णायक नाही. दोन्ही जातींत ही मापं एकमेकींत मिसळतात. पिक्नोस्टॅकियाच्या गोंड्यात साधारण ५ ते १० फुलं, स्पिकाटाचंही जवळपास तेच. पानं तर विचारूच नका. केस उपयोगी पडतात, पण एकट्या केसांवर भिस्त ठेवू नये, कारण पिक्नोस्टॅकियाची जवळजवळ बिनकेसांची झाडंही मिळतात. शेवटी उरतं ते खवल्याचं टोक: वळलेलं की चिकटलेलं, अणकुचीदार की बोथट.

पहिली ओळ चुकली कशी

तिन्ही फोटो समोरून, तुरा मधोमध घेऊन काढलेले होते. लिआट्रिसचा तुरा समोरून बघितला की किंजलांच्या जांभळ्या जाळ्याआड खवले झाकले जातात. त्यात वाऱ्याने तुरा हलतो आणि कॅमेरा मागच्या गवतावर फोकस धरतो. जे ओळखीसाठी लागतं नेमकं तेच फोटोत नव्हतं, मग ॲपने तरी काय करावं? ते उपलब्ध चित्रांशी साम्य जुळवतं. स्पिकाटा ही बागांत लावली जाणारी आणि पुष्पगुच्छांसाठी विकली जाणारी लिआट्रिस, तेव्हा धूसर फोटोचं उत्तर तिच्याकडे झुकलं तर त्यात नवल नाही. शिवाय मोबाइल जांभळा रंग नीट पकडत नाही. दुपारच्या उन्हात तो गुलाबी होतो, सावलीत निळसर. रंगावरून जात ठरवणाऱ्याची दोन्हीकडून फसगत.

दुसरं कारण जुनी यादी. पुनर्स्थापित प्रेअरीत यादी म्हणजे काय पेरलं याचा कागद. काय उगवलं, काय आधीपासून होतं, शेजारून काय उडून आलं, हे त्यात नसतं. लिआट्रिसच्या बीला केसांचा झुपका असतो, ते वाऱ्यावर जातं. आणि रोपवाटिकेतून आलेल्या पाकिटावरचं नावही कुणीतरी असंच तुरा बघून लिहिलेलं असू शकतं. या दोन जातींची पाकिटं अदलाबदल होणं ही काही अनोखी बाब नाही.

तिसरं कारण भूगोलाचं. स्पिकाटा मुख्यतः पूर्वेकडची, ओलाव्याची. पिक्नोस्टॅकिया मध्य-पश्चिमेची, इलिनॉय, आयोवा, मिसुरीच्या काळ्या मातीतली. शिकागो परिसरात दोघींच्या हद्दी एकमेकींवर चढतात. आयोवाच्या मध्यभागी हाच तुरा दिसला असता, तर एवढा खल करावा लागला नसता.

ठिकाणावरून मदत मिळते, पण हातचं राखून. मूळच्या प्रेअरीत ‘सखल म्हणजे स्पिकाटा’ हा अंदाज बऱ्यापैकी चालतो. माणसाने बी फेकलेल्या जागेत झाड जिथे पडलं तिथे उगवतं, आणि काही वर्षं तगूनही राहतं. म्हणून ठिकाण पुरावा म्हणून शेवटी जोडावं, सुरुवात त्यावरून करू नये.

दोरी लावून मोजणी

एक ओळ खोडून दुसरी लिहिणं सोपं होतं. पण एका झाडावरून सगळ्या उताराचं नाव बदलणं ही पहिल्याच चुकीची पुनरावृत्ती ठरली असती. म्हणून उताराच्या माथ्यापासून सखल भागापर्यंत ६० मीटरची दोरी टाकली आणि दर २ मीटरवर दोरीच्या सर्वांत जवळचं फुललेलं झाड तपासलं. एकूण ३० झाडं. प्रत्येकाचे चार फोटो: आजूबाजूच्या गवतासकट पूर्ण झाड, पूर्ण तुरा, मधला गोंडा बाजूने, मागे काळी वही धरून आणि शेजारी पट्टी ठेवून, तुऱ्याखालचा बोटभर दांडा, उजेडाच्या विरुद्ध धरून, म्हणजे केस चमकतात. तुरा हलू नये म्हणून खालून एका हाताने धरायचा. सकाळी नऊच्या आत काम उरकलं तर वाराही कमी असतो.

३० पैकी १४ पिक्नोस्टॅकिया, बहुतेक उताराच्या वरच्या दोन तृतीयांशात. ११ स्पिकाटा, सगळी सखल भागात आणि त्याच्या काठावर. ५ झाडं काठावरचीच, ज्यांचं काही ठरेना: खवल्यांची टोकं टोकदार आहेत पण अर्धीच वळलेली, केस फक्त तुऱ्याच्या शेंड्याजवळ.

या पाचांसाठी दहा दिवसांनी पुन्हा फेरी झाली. दोन झाडं आधी कळीच्या अवस्थेत तपासली गेली होती. पुरती उमलल्यावर त्यांचे खवले नीट वळले आणि ती पिक्नोस्टॅकिया ठरली. तीन मात्र तशीच राहिली. लिआट्रिसच्या जाती शेजारी फुलल्या की त्यांच्यात संकर होतो, हे माहीत असलेलं आहे. ही तीन संकर आहेत की एखाद्या जातीची बाजूला सरकलेली झाडं, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘अनिर्णित’ लिहिलं गेलं, आणि तेच योग्य. ‘बहुतेक स्पिकाटा’ असं लिहिण्याचा मोह आवरायला हवा, कारण पुढचा माणूस ‘बहुतेक’ गाळून वाचतो.

इथे वाळवलेल्या नमुन्यांबद्दल एक सावधगिरी. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या गोंड्यात वळलेले खवले सपाट होऊन चिकटल्यासारखे दिसू शकतात. म्हणजे पिक्नोस्टॅकिया दाबली की स्पिकाटा वाटू शकते. दाबण्याआधी ताज्या गोंड्याचा फोटो आणि ‘टोकं वळलेली’ अशी लेखी नोंद चिठ्ठीवर हवीच. आणि परवानगीशिवाय काहीच तोडू नये. संरक्षित जागांत एक तुरा खुडणंही नियमाविरुद्ध असतं. मूळ तर कधीच उपटू नये. लिआट्रिसच्या बहुतेक जाती जमिनीतल्या दृढकंदावर वर्षानुवर्षं जगतात. कंद गेला की झाड संपलं, आणि कंद बघून जात काही कळत नाही.

टेकाडावरचा जोड

‘सर्वत्र’ हा शब्द तपासायचा राहिला होता. खडीच्या टेकाडावर जुलैअखेर लांबून काही जांभळं दिसत नव्हतं, म्हणून तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. गवतात गुडघे टेकून बघितल्यावर दोन गोष्टी मिळाल्या.

एक, ३५ सेंटिमीटर उंचीची झाडं, तुऱ्यावर मोजून सहा-सात गोंडे, पण गोंडे लांबट, नळकांड्यासारखे आणि प्रत्येकात १५ च्या वर फुलं. खवले चिकटलेले, टोक मात्र गोल होता होता एकदम बारीक अणी काढून संपणारं. निर्णायक खूण फुलाच्या आत: एक फूल चिमट्याने उपसून बीच्या माथ्यावरचा झुपका भिंगाखाली धरला, तर प्रत्येक केस पिसासारखा, दोन्ही बाजूंनी लव असलेला. स्पिकाटा आणि पिक्नोस्टॅकियाचे हेच केस नुसते खरखरीत, बारीक काट्यांचे. हा झुपका बी पिकायच्या आधी, फुलातही दिसतो, त्यामुळे थांबावं लागत नाही. ही लिआट्रिस सिलिंड्रेसिया, कोरड्या, चुनखडीच्या खडकाळ जमिनीतली.

दुसरी, अजून पूर्ण कळीत असलेली झाडं. कळ्या गोल गुंड्यांसारख्या, एकमेकींपासून सुट्या, खवले रुंद, फुगीर, सुरकुतलेले आणि कडा फाटक्या झालरीसारख्या. ही लिआट्रिस ॲस्पेरा, जिला ‘रफ ब्लेझिंग स्टार’ म्हणतात. ती ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते, सिलिंड्रेसिया पुढच्या आठवड्यांत संपत आली की हिची पाळी. कळीत ओळख पटू शकणारी या चौघींतली हीच एक, कारण फाटक्या कडा सुरुवातीपासून दिसतात. मिनेसोटा, डकोटाकडच्या वाचकांना मात्र इथे जपायला हवं: तिकडे लिआट्रिस लिगुलिस्टायलिस मिळते, तिच्याही कडा फाटक्या असतात, पण खवले फुगीर नसतात आणि गोंड्याला स्पष्ट देठ असतो. मोनार्क फुलपाखरं तिच्यावर अक्षरशः लोंबकळतात, तीही एक खूण धरायला हरकत नाही, फक्त एकमेव नको.

म्हणजे ‘स्पिकाटा, सर्वत्र’ या एका ओळीच्या जागी चार जाती, एक घुसखोर आणि तीन अनिर्णित झाडं.

बी गोळा करायचं ते जुलैत ठरवून

ओळखीचा सगळा खटाटोप जुलै-ऑगस्टात करायचा, कारण सप्टेंबरच्या अखेरीस तो करता येत नाही. बी पिकलं की गोंडा उघडतो, सगळ्याच जातींचे खवले वाळून बाहेर वळतात, आणि स्पिकाटाही पिक्नोस्टॅकियासारखी दिसायला लागते. केस झडलेले, रंग गेलेला, तुरा तपकिरी. त्या वेळी हातात पिशवी घेऊन उभा असलेला माणूस फक्त अंदाज करू शकतो.

म्हणून झाडांना जुलै-ऑगस्टातच लोकरीचे धागे बांधले गेले: पिक्नोस्टॅकियाला निळा, स्पिकाटाला पिवळा, अनिर्णित तिघांना पांढरा. धागा तुऱ्याखाली, सैल बांधायचा. घट्ट बांधला तर खोड वाढताना रुततो, आणि फार खाली बांधला तर शरदात उंच गवतात सापडत नाही. लाल धागा टाळलेला बरा, कारण लिटल ब्लूस्टेम गवत तोवर तांबूस होतं आणि त्यात लाल हरवतो.

बी पिकल्याची खूण: झुपका पिवळट-तपकिरी होतो, गोंडा चिमटीत धरून हलकेच ओढला की बी आपसूक सुटतं. जोर लावावा लागला तर आठवडाभर थांबा. शेंडा आधी फुललेला असल्यामुळे बीही वरून खाली पिकतं. एका फेरीत अख्खा तुरा ओरबाडला तर खालचं निम्मं कच्चं येतं. दोन फेऱ्या, दोन आठवड्यांच्या अंतराने. एका झाडाचं एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नये. कागदी पिशवी वापरावी, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. गोंड्यात अळीने पोखरलेलं बी बरंच निघतं. स्किनिया ग्लोरिओसा नावाच्या पतंगाच्या अळ्या लिआट्रिसच्या गोंड्यांवरच वाढतात. पोकळ बी दोन नखांत दाबलं की चेपतं, भरलेलं टणक लागतं. दहा-वीस बिया अशा तपासून मगच पिशवीवर वजन लिहावं, नाहीतर वजन भुशाचं असतं.

पेरणीआधी ओल्या वाळूत मिसळून सुमारे ६० दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं, किंवा सरळ नोव्हेंबरात जमिनीवर फेकून हिवाळ्यावर सोपवायचं. खोल पुरायचं नाही, माती जेमतेम झाकेल इतकीच. पहिल्या वर्षी जे उगवतं ते गवताच्या पातीसारखं असतं, आणि उत्साहाने तण काढणारे हात ते बिनदिक्कत उपटतात. फुलायला दोन-तीन वर्षं, कधी जास्त. तोवर वाफ्याच्या कडेची पाटी हीच ओळख, तेव्हा पाटीवर जातीसोबत बी कुठल्या दोरीच्या कुठल्या भागातून घेतलं तेही हवं.

चरातल्या १७ लूजस्ट्राइफचं काम मात्र पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. एक जुनं झाड वर्षाला वीस लाखांवर बिया टाकू शकतं. बी धरायच्या आत सगळे तुरे कापून जाड पिशवीत बंद केले, पिशवी कचऱ्यात गेली, कंपोस्टात नाही. कोवळी झाडं पाऊस पडून गेल्यावर मुळासकट काढली. तुटलेल्या मुळाच्या तुकड्यातूनही ते फुटतं, म्हणून चर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तपासायचा आहे.

पांढऱ्या धाग्यांची तीन झाडं तशीच उभी ठेवली आहेत. त्यांचं बी कुणी घ्यायचं नाही. पुढच्या जुलैत त्यांचे पुन्हा तसेच चार फोटो घेतले जातील. नोंदवहीतली त्यांची ओळ तोवर अशी आहे: ‘लिआट्रिस, जात अनिर्णित, ३ झाडं, उताराचा पायथा, खवले टोकदार, अर्धे वळलेले, केस फक्त शेंड्याजवळ.’